घोळक्याचा मासा जोडीने विकू नका

(शोभिवंत मत्स्यपालनाच्या प्रशिक्षण वर्गात ठाणे जिल्ह्यातील मत्स्यपालकांसमोर केलेले भाषण)



शोभिवंत मासे विकणाऱ्या एखाद्या दुकानात गेलात तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. एकाच काचटाकीत शंभर-शंभर टायगर बार्ब ठेवलेले असतात. पिवळसर अंगावर काळे पट्टे आणि परांच्या कडा तांबड्या असा हा मासा. इतकी दाटी असूनही कुणी कुणाचे पर तोडताना सहसा दिसत नाही. त्यांतलेच दोन मासे गिऱ्हाईक घरी नेते. आठ दिवसांत एकाची शेपटी कुरतडली जाते, पंधरा दिवसांत तो मरतो आणि उरलेला मासा टाकीतल्या एंजलच्या मागे लागतो. गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणते, "तुम्ही मला भांडखोर मासा दिलात." दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे तर तो शांत होता." दोघेही खरेच बोलत असतात.

दुकानात शांत असलेला मासा घरी गेल्यावर भांडखोर का होतो, या प्रश्नाचे उत्तर आज आपण पाहणार आहोत. हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा आहे असे समजू नका. तुमच्या सिमेंटच्या टाकीत तयार झालेल्या माशाला पुन्हा मागणी येणार की नाही, हे याच प्रश्नावर ठरते.

आपला संबंध कसा येतो?

ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर असे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. इतकी मोठी बाजारपेठ मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याच्या दाराशी आहे. तरीही मुंबईतील कुर्ला, क्रॉफर्ड मार्केट येथील बाजारात आणि आपल्या उपनगरांतील दुकानांत येणारा बराच माल कोलकाता व चेन्नई या भागांतून येतो. हा मासा लांबचा प्रवास करून, दोन-तीन ठिकाणी हात बदलून येतो. आपला मासा मात्र सकाळी पिशवीत भरला तर दुपारपर्यंत डोंबिवलीच्या दुकानात पोहोचतो. तो कमी दमलेला असतो. ही आपली जमेची बाजू आहे.

परंतु हा चांगला मासा गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याभरात मेला, तर या जमेच्या बाजूचा काही उपयोग नाही. डोंबिवली-कल्याणच्या घरांतून दोन फुटी टाकी हीच सर्वसाधारण टाकी असते. मुलाच्या हट्टासाठी ती आणली जाते. पहिल्या महिन्यात मासे मेले की टाकी माळ्यावर जाते आणि ते घर पुन्हा मासे घेत नाही. असे प्रत्येक घर म्हणजे आपले कायमचे गेलेले गिऱ्हाईक होय. मासे मरण्यामागे पाण्याचा दोष पुष्कळदा असतो, हे खरे आहे. पण त्याखालोखाल कारण असते ते माशांची चुकीची संख्या व चुकीची सोबत. पाण्याबद्दल दुकानदार चार शब्द सांगतो. संख्येबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

मासे घोळका का करतात?

पावसाळ्याच्या सुरुवातीला वलगणीचे मासे तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. पहिल्या जोरदार पावसात नदी-ओढ्यातले मासे प्रवाहाविरुद्ध भातखाचरांकडे चढतात, ते एकेकटे चढत नाहीत. उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहाकाठी उभे राहिलात तरी लहान मासे जमावानेच फिरताना दिसतात आणि तुमची सावली पडताच सगळे एकदम वळतात. जवळजवळ राहणाऱ्या अशा जमावाला आपण घोळका म्हणू. तोच घोळका एका दिशेने, एका वेगाने, ठरावीक अंतर राखून पोहू लागला की त्याला थवा म्हणू. एकच मासे खाताना घोळक्यात असतात आणि भीती वाटली की थवा करतात.

शेजारचा मासा कोठे आहे हे त्यांना डोळ्यांनी कळते. शिवाय माशाच्या दोन्ही अंगांवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्याची बारीकशी हालचालही त्या रेषेवरील इंद्रियांना जाणवते. त्यामुळे एक वळला की शेजारचा क्षणात वळतो.

घोळक्याचे फायदे तीन आहेत. पहिला, शत्रूचा धोका वाटला जातो. एकट्या माशावर खंड्याने झडप घातली तर तो गेलाच. पन्नासांत असला तर त्याचीच पाळी येईल असे नाही. दुसरा, अनेक सारखे मासे एकदम हलले की नेमका कोणता धरावा याचा शत्रूला उमज पडत नाही. तिसरा, अन्न लवकर सापडते. पिचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली गोल्डफिश व मिनो या माशांवर प्रयोग केले, त्यांत घोळका मोठा असेल तर माशांना अन्न लवकर सापडते असे दिसून आले. पुष्कळ डोळे पहाऱ्याला असल्याने प्रत्येक माशाला खाण्याकडे अधिक लक्ष देता येते.

म्हणजे घोळका हेच अशा माशाचे संरक्षण आहे. त्याला एकटे ठेवले तर शत्रू नसलेल्या काचटाकीतही तो भेदरलेला राहतो, कोपरा धरतो, रंग टाकतो, खात नाही. किंवा मग तो चिडखोर बनतो. कोणता मासा काय करील हे त्याच्या जातीवर अवलंबून असते.

घोळक्यातही उतरंड असते

घोळका म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने राहतात, असे मात्र नाही. कुक्कुटपालन करणाऱ्यांना हे लवकर पटेल. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला चोच मारायची याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे या अभ्यासकाने १९२२ साली ही गोष्ट प्रथम नीट मांडली. वरची कोंबडी खालच्या सगळ्यांना टोचते आणि सगळ्यांत खालची कोंबडी सर्वांकडून मार खाते. शेळ्यांच्या कळपातही कोण पुढे चालणार, दावणीला कोण आधी तोंड घालणार, हे ठरलेले असते.

माशांचेही तसेच आहे. टायगर बार्ब एकमेकांचा पाठलाग करतात, समोरासमोर येऊन पर ताणतात, शेपटीला चावे घेतात. आपल्याकडचा झेब्रा मासा पाहा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते. इतका गरीब दिसणारा हा मासा. पण दोनच नर एका लहान टाकीत ठेवले तर थोड्याच वेळात एक वरचढ होतो आणि दुसऱ्याला सतत हाकलत राहतो. म्हणून प्रयोगशाळांतही झेब्रा मासे सहसा गटानेच ठेवतात.

उतरंड मोडता येत नाही. ती माशाच्या स्वभावातच आहे. आपल्या हातात एवढेच असते की त्या उतरंडीचा सगळा मार एकाच माशावर पडू नये.

दोन, तीन आणि आठ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

टाकीत दोनच टायगर बार्ब असतील तर त्यांतला एक वरचढ व दुसरा दुबळा ठरतो. वरचढ माशाला दिवसभर दुसरे लक्ष्य नसते. दुबळ्याला ओढ्यात पळून जायला जागा असते, काचटाकीत नसते. तो खात नाही, त्याच्या परांना जखमा होतात, जखमांवर बुरशी धरते व तो मरतो. मग उरलेला मासा आपल्या जातीचे कोणी न उरल्याने दुसऱ्या जातीच्या माशांवर हीच सवय चालवतो. एंजल, गुरामी, फायटर असे लांब व लोंबत्या परांचे, संथ मासे त्याला सोपे सापडतात.

तीन मासे असले तर स्थिती फारशी सुधारत नाही. वरचे दोघे मिळून तिसऱ्याला छळतात.

आठ-दहा मासे असतील तर मात्र चित्र बदलते. वरचढ मासा एकाच्या मागे लागला तर मध्ये दुसरा येतो. सगळे सारखे दिसत असल्याने एकाच माशाचा पाठपुरावा त्याला जमत नाही. शिवाय त्याला स्वतःलाही आव्हान देणारे दोघे-तिघे असतात. पाठलाग चालूच राहतो, पण तो थोडा थोडा सगळ्यांच्या वाट्याला येतो आणि कोणालाही खोल जखम होत नाही. माशांचे लक्ष आपल्या जातीच्या माशांकडेच राहिल्याने इतर जातींनाही उपद्रव कमी होतो. दुकानातली टाकी शांत का दिसते, याचे उत्तर हेच आहे. तिथे कोणा एकाला जागा अडवून धरता येत नाही आणि कोणा एकालाच लक्ष्य करता येत नाही.

आपल्या व्यापाराची एक जुनी रीत येथे आड येते. आपल्याकडे शोभिवंत माशांचा भाव बहुधा जोडीवर सांगितला जातो. जोडी म्हटले की गिऱ्हाइकाला नर-मादी वाटते व दोघे एकमेकांना सोबत करतील असे वाटते. टायगर बार्बच्या लहान वयात तर नर-मादी ओळखणेच अवघड असते. तेव्हा ती जोडी म्हणजे केवळ दोन मासे. घोळक्याच्या माशाला जोडी ही सोबत होत नाही.

भांडण वाढवणाऱ्या इतर गोष्टी

संख्या हे मुख्य कारण असले तरी एकमेव कारण नाही. आणखी चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१) जागा : घोळक्याचे मासे आडवे पोहतात. त्यांना उंच टाकीपेक्षा लांब टाकी मानवते. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच टाकीत हिशेबाने ५४ लिटर पाणी मावते. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा करता ते सुमारे ४५ लिटर भरते. अशा टाकीत आठ झेब्रा किंवा आठ निऑन टेट्रा, यांपैकी एकच जात ठेवावी. टायगर बार्बच्या आठ-दहा माशांसाठी ९० सें.मी. लांबीची टाकी चांगली. संख्या वाढवा असे मी म्हणतो, तेव्हा त्याच टाकीत चार जातींचे आठ-आठ मासे कोंबा असा त्याचा अर्थ नाही. जाती कमी करा व एका जातीचे मासे वाढवा, असा त्याचा अर्थ आहे.

२) खाद्य : एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी, चिमूटभर खाद्य टाकले की वरचढ मासा तो कोपराच अडवतो. जपानच्या भातखाचरांत आढळणाऱ्या मेडाका या लहान माशावर मॅग्नुसन यांनी केलेला अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. खाद्य अपुरे व एका जागी असेल तेव्हा वरचढ मासे ते राखून धरतात आणि लवकर वाढतात. खाद्य भरपूर असेल तर वाढीतला हा फरक राहत नाही, असे त्यात दिसले. याचा धडा साधा आहे. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे खाद्य द्यावे व ते दोन-तीन ठिकाणी पसरून टाकावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे, कारण उरलेले खाद्य पाणी नासवते.

३) पाणी : ठाणे व कल्याण-डोंबिवलीला उल्हास व भातसा या नद्यांचे आणि बारवी धरणाचे पाणी मिळते. ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन मिसळलेला असतो. असे पाणी थेट टाकीत घातल्यास कल्ल्यांना इजा होते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून, शक्य असल्यास एअर पंपाने हवा सोडून मग वापरावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे औषध सूचनेप्रमाणे घालावे. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिर व्हायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत सगळी भरती एकदम करू नये. आधी एका जातीचा पूर्ण गट सोडावा, पाणी स्थिरावल्यावर दुसऱ्या जातीचा विचार करावा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. खराब पाण्यात मासा आधीच त्रासलेला असतो आणि दुबळा मासा मार सोसू शकत नाही.

४) नवा मासा : गोठ्यात नवे जनावर आणले की जुनी जनावरे त्याला शिंगे दाखवतात. टाकीतही नव्या एकट्या माशाला जुने मासे छळतात. नवे मासे आणायचे तर चार-पाच एकदम आणावेत, दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून रोग नाही याची खात्री करावी आणि संध्याकाळी दिवा बंद करून सोडावेत.

जखमेचा वास

येथे एक उपयुक्त शोध सांगण्यासारखा आहे. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणारे आणि त्यासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ साली माशांमध्ये एक विलक्षण गोष्ट आढळली. मिनो माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा वास येताच बाकीचे मासे घाबरून एकत्र येतात किंवा लपतात. कार्प कुळातील बार्ब, झेब्रा यांच्यात आणि पुष्कळ टेट्रा माशांतही ही गोष्ट दिसते.

म्हणजे एका माशाला जखम झाली तर त्याचा परिणाम सगळ्या टाकीवर होतो. खरखरीत हातजाळ्याने मासे धरताना खवले निघाले तरीही हेच घडते. तेव्हा जाळे मऊ व दाट विणीचे वापरावे, पाठलाग करून मासे पकडू नयेत आणि जखमी मासा दिसताच तो वेगळा करून टाकीतले पाव हिस्सा पाणी बदलावे.

कोणता मासा कसा ठेवावा?

सगळ्या माशांना एकच नियम लावता येत नाही. पुढील माहिती आपल्या शेडमध्ये लिहून लावावी व दुकानदारालाही द्यावी.

• टायगर बार्ब, सर्पे टेट्रा, विडो टेट्रा : पर कुरतडण्याची सवय असलेले घोळक्याचे मासे. किमान आठ ठेवावेत. यांच्यासोबत एंजल, गुरामी, फायटर, गप्पी ठेवू नयेत.

• झेब्रा, रोझी बार्ब, निऑन टेट्रा : तुलनेने शांत घोळक्याचे मासे. किमान सहा, शक्यतो आठ ठेवावेत. निऑन फारच लहान असल्याने मोठ्या माशांसोबत नको.

• गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल : यांत नर मादीच्या सतत मागे असतो. एका नरामागे दोन ते तीन माद्या ठेवाव्यात. एक नर व एक मादी अशी जोडी दिली तर मादीला विसावा मिळत नाही. म्हणजे येथेही जोडी ही रीत चुकीचीच आहे.

• एंजल : लहानपणी घोळक्याने राहतो, वयात आला की जोडी जमवतो व जागा राखतो. लहान सहा एकत्र वाढवून, जोडी जमल्यावर ती वेगळी करणे ही चांगली पद्धत होय.

• फायटर : टाकीत एकच नर. दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना जखमी करतात, प्रसंगी मारतात. घोळक्याचा नियम याला लागू नाही.

• रेड टेल शार्क : टाकीत एकच ठेवावा. आपल्याच जातीच्या माशावर तो तुटून पडतो.

• गोल्डफिश : संथ व लांब पऱ्यांचा. त्याला आपल्याच जातीची सोबत द्यावी. टायगर बार्बसोबत ठेवू नये.

• ऑस्कर, फ्लॉवर हॉर्न : मोठे होणारे मासे. लहान मासे गिळतात. दोन फुटी टाकीच्या गिऱ्हाइकाला देऊच नयेत.

उत्पादकाने काय करावे?

प्रतवारी : बोटुकलीच्या टाकीत काही पिले भराभर वाढतात. ती खाद्यावर कब्जा करतात, लहानांचे पर तोडतात आणि काही जातींत लहानांना खातात. दर दहा-पंधरा दिवसांनी मोठी, मध्यम व लहान अशी प्रतवारी करून ती वेगळ्या टाक्यांत सोडावीत. वेगळी केलेली लहान पिलेही पुष्कळदा चांगली वाढू लागतात. पर तुटलेला मासा विक्रीला पाठवू नये. वेगळ्या स्वच्छ पाण्यात ठेवल्यास पर बहुधा पुन्हा येतात.

आडोसा : संगोपनाच्या टाकीत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती किंवा मऊ प्लास्टिकच्या दोऱ्यांचे झुपके सोडावेत. दुबळ्या माशाला नजरेआड होता आले की पाठलाग तिथेच थांबतो. मात्र पोहण्यासाठी मधली जागा मोकळी ठेवावी.

संच करून विक्री : सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. घोळक्याच्या माशांचा भाव जोडीवर न ठेवता आठाच्या संचावर ठेवावा. एकाच टाकीत एकत्र वाढलेले, एका आकाराचे आठ मासे एका संचात द्यावेत. संचाचा भाव चार जोड्यांपेक्षा थोडा कमी ठेवला तरी चालेल. कारण दोन मासे नेणारे गिऱ्हाईक मासे मेल्यावर परतत नाही. आठ नेणाऱ्याचे मासे जगले तर तेच गिऱ्हाईक खाद्य, वनस्पती व दुसऱ्या जातीच्या माशांसाठी पुन्हा दुकानात येते. ही गोष्ट दुकानदाराला समजावून सांगणे हे आपलेच काम आहे. तो कुरकुर करील, कारण दोन मासे विकणे सोपे असते. सुरुवातीला एका दुकानदारासोबत एक हंगाम करून पाहा आणि किती गिऱ्हाइके परत आली याची वही ठेवा. तुमची वही इतर दुकानदारांना जे पटवील ते माझे भाषण पटवणार नाही.

माहितीची चिठ्ठी : प्रत्येक पिशवीसोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी द्यावी. माशाचे नाव, किमान किती ठेवावेत, कोणासोबत ठेवू नयेत आणि पाणी कसे बदलावे, एवढे पुरे.

भांडण सुरू झालेच तर

गिऱ्हाइकाचा फोन आला तर पुढील क्रमाने सल्ला द्या. आधी संख्या विचारा. दोन-तीनच असतील आणि टाकीत जागा असेल तर त्याच जातीचे आणखी पाच-सहा एकदम सोडायला सांगा. जागा नसेल तर ती जात परत घेऊन टाकीला जमणारी दुसरी द्या. संख्या ठीक असेल तर वरचढ मासा ओळखून त्याला आठ दिवस वेगळा ठेवायला सांगा. तोवर टाकीतले दगड व झाडे हलवून जागा बदला. तो परत आला की ओळखीचा कोपरा त्याला सापडत नाही आणि उतरंड नव्याने ठरते. जखमी मासा दुसऱ्या स्वच्छ पाण्यात ठेवावा.

दुबळा मासा ओळखण्याच्या खुणा अशा : तो पर मिटून कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे राहतो, खाद्याला येत नाही, रंग फिका पडतो, शेपटीची कड फाटलेली दिसते. यांपैकी दोन खुणा दिसल्या की वाट पाहू नये.

नको झालेला मासा तलावात नको

शेवटी एक इशारा. भांडखोर ठरलेला किंवा टाकीत न मावणारा मासा काही लोक जीवदया म्हणून जवळच्या तलावात नेऊन सोडतात. ठाणे हे तलावांचे शहर. मासुंदा, कचराळी, उपवन हे तलाव घराजवळ असल्याने असे करणे सोपे वाटते. पण यात दया नाही. लहान मासा तिथे टिकत नाही, आणि जो टिकतो तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. काचा साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा उजनी जलाशयात पसरला आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांना व धंद्याला त्याचा उपद्रव झाला, हे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. म्हणून नको असलेला मासा परत घेण्याची सोय उत्पादकाने व दुकानदाराने ठेवावी. "तलावात सोडू नका, आम्हाला परत द्या" ही ओळ चिठ्ठीवर जरूर छापावी. तुमच्या शेडचे सांडपाणीही ओढ्यात जाण्यापूर्वी बारीक जाळीतून गाळावे.

मदत कोठे मिळेल?

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाची किंमत ३ लाख रुपये धरण्यात आली. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. योजनांचे निकष व मुदत बदलत असतात, म्हणून खर्च करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. तांत्रिक माहितीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगाव, रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्याशी संपर्क साधता येईल.

बंधू-भगिनींनो, टायगर बार्ब भांडतो म्हणून तो वाईट मासा ठरत नाही. ओढ्यात शेकडोंच्या संगतीत जगण्यासाठी घडलेल्या जिवाला आपण काचेच्या चार भिंतींत एका सोबत्याबरोबर कोंडतो आणि मग त्याला भांडखोर म्हणतो. माशाचा स्वभाव बदलणे आपल्या हाती नाही. तो पिशवीत घालताना आठ मोजायचे की दोन, एवढे मात्र नक्की आपल्या हाती आहे. तेवढे केलेत तर मासा जगेल, गिऱ्हाईक टिकेल आणि तुमच्या टाकीतल्या पुढच्या पिढीलाही मागणी येईल.